खान्देशातली अळंबी : लागवड, पोषण आणि स्वयंपाकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं घर चोपडा तालुक्यात, एका अंगाला तापी आणि दुसऱ्या अंगाला सातपुडा. घरामागच्या गोठ्याच्या अर्ध्या भागात मी धिंगरी अळंबी (ऑयस्टर मशरूम) लावते. ती बघायला येणारे बहुतेक जण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच सविस्तर लिहिली आहेत. माझं सांगणं एवढंच की आधी काड भरलेल्या दहा पिशव्या लावा, घरच्यांना खाऊ घाला, आणि मगच विकायचा विचार करा.

अळंबी म्हणजे आपली कुत्र्याची छत्रीच ना?

गोत्र एक, पण जाती वेगवेगळ्या. अळंबी ही बुरशी आहे. तिला हिरवा रंग नसतो, त्यामुळे ती उन्हातून अन्न तयार करत नाही. काड, लाकूड, पाचोळा कुजवून त्यावर जगते. आपण जी तोडतो ते तिचं फळ. खरा जीव म्हणजे काडात पसरलेलं पांढरं जाळं. पावसात उकिरड्यावर उगवणाऱ्या छत्र्यांपैकी काही विषारी असतात, म्हणून जुन्या लोकांनी सगळ्यांनाच नाव ठेवलं. लावलेल्या अळंबीचं बियाणं कोणत्या जातीचं आहे हे आधीच माहीत असतं. फरक आहे तो तिथेच.

आपल्याकडच्या उन्हात ती येते तरी का?

येते, पण बारा महिने एकच जात नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवेत ओल नावाला नसते. धिंगरीला साधारण २० ते ३० अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. म्हणून आमच्याकडे तिचा हंगाम जुलैत, पावसाने हवा ओलावली की सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस संपतो. सर्वांत सोपे महिने ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र दुपारी लक्ष ठेवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री फार गारठा पडतो, तेव्हा वाढ मंदावते. माल चांगला येतो, फक्त उशिरा.

धिंगरीतही प्रकार आहेत. 'साजोर काजू' ही करडी जात ऊब जास्त सोसते, पांढऱ्या 'फ्लोरिडा'ला थोडा गारवा लागतो. नवख्याने करडीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

उन्हाळ्यासाठी दुधी अळंबी आहे. ती पांढरीशुभ्र, जाड देठाची असते आणि ३० ते ३५ अंशांत खुशाल वाढते. ही मूळची आपल्याच देशातली. पश्चिम बंगालमधून १९७४ साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि पुढे तामिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने तिची लागवड शेतकऱ्यांपर्यंत नेली. पण तिला काडावर दोन-तीन सेंटिमीटर निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात खोलीत ओल टिकवायला बारदानं दिवसातून चार-पाच वेळा भिजवावी लागतात. धिंगरीचा एक हंगाम हातून गेल्याशिवाय तिच्या मागे लागू नका.

हॉटेलात मिळतात ती बटन मशरूम का नाही लावायची?

तिला फळधारणेच्या वेळी १४ ते १८ अंश लागतात, म्हणजे आपल्याकडे एसी आलाच. शिवाय तिचं कंपोस्ट तयार करणं हे वेगळंच काम आहे. भांडवल आणि वीज असलेल्यांनी ते करावं.

कोणतं काड वापरावं?

खान्देशाइतकी या बाबतीत श्रीमंती क्वचितच कुठे असेल. रावेर, यावल, चोपड्यात केळीची वाळलेली पानं आणि खोडं, सगळीकडे कपाशीच्या पऱ्हाट्या, गव्हाचं आणि सोयाबीनचं कुटार, ज्वारीचा कडबा, नवापूर-अक्कलकुव्याकडे भाताचा पेंढा. यातलं बरंचसं आपण बांधावर पेटवून देतो. तो धूर बघितला की माझ्या पोटात तुटतं, कारण प्रत्येक किलो कोरड्या काडातून अर्धा किलो तरी खायची वस्तू निघू शकते.

अनुभवावरून सांगते. सोयाबीनचं कुटार उत्पादन उत्तम देतं, पण पाणी जास्त राहिलं की लवकर सडतं आणि वास मारतं. गव्हाचं कुटार सर्वांत भरवशाचं. केळीची वाळकी पानं नुसती भरली तर पिशवीत दबून बसतात आणि हवा खेळत नाही. मी दोन भाग गव्हाचं कुटार आणि एक भाग केळीची चिरलेली पानं घेते. पऱ्हाटी टणक असते, ती यंत्रातून बारीक करून घेतल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

एक गोष्ट कधीच विसरू नका. अळंबी काडातलं बरंच काही शोषून घेते. फवारण्या झालेल्या शेतातलं ताजं काड नको. भिजलेलं, काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं काडही नको. याच हंगामातलं, कोरडं आणि सोनेरी काड घ्यायचं.

काड निर्जंतुक कसं करायचं? औषधात की गरम पाण्यात?

दोन्ही पद्धती चालतात. औषधाच्या पद्धतीत १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन (जंतुनाशक) मिसळून काड १६ ते १८ तास बुडवून, झाकून ठेवतात. फॉर्मेलिन डोळ्यांना आणि घशाला झोंबतं, घरात लहान मुलं असतील तर जपावं लागतं. मी स्वतः गरम पाणीच वापरते. काडाचे दोन-तीन इंची तुकडे करायचे, रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचे, सकाळी पोत्यात भरून ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवायचे. पाणी खळखळ उकळायची गरज नाही. पोतं वर येऊ नये म्हणून त्यावर दगड ठेवायचा. इंधन लागतं हे खरं, पण पऱ्हाट्या आहेतच.

बियाणं कुठून आणायचं आणि चांगलं कसं ओळखायचं?

बियाण्याला सगळे स्पॉनच म्हणतात. गहू किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवर बुरशी वाढवलेली असते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळंबी प्रकल्पाचं केंद्र आहे, चौकशी तिथे करता येते. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर जवळची प्रयोगशाळाही कळते. देशपातळीवरचं संशोधन हिमाचलमधल्या सोलनच्या संचालनालयात चालतं.

पिशवी हातात घेऊन बघा. दाण्यादाण्यावर कापसासारखी पांढरी वाढ हवी आणि वास गोडसर, ताजा हवा. हिरवा, काळा किंवा नारिंगी ठिपका दिसला, आंबूस वास आला किंवा तळाशी पिवळं पाणी साचलं असेल तर ती पिशवी परत करा. स्पॉन महिन्याच्या आत वापरावा. तो उन्हात मरतो. एकदा मी स्पॉनचं खोकं बसच्या टपावर ठेवायला दिलं होतं, दुपारचा प्रवास होता. त्या खेपेला चाळीस पिशव्या भरल्या आणि एकीतही जाळं पसरलं नाही. तेव्हापासून खोकं मांडीवर घेऊन येते, तेही रात्रीच्या गाडीने.

पिशवी भरताना पाणी किती असावं?

सगळं पीक या एका गोष्टीवर उभं असतं. उपसलेलं काड स्वच्छ धुतलेल्या खाटेवर किंवा उतारावर निथळत ठेवा. मग मूठभर घेऊन जोरात पिळा. पाणी टपकलं तर अजून ओलं आहे. एकही थेंब पडत नाही, पण मूठ उघडल्यावर तळहात चमकतो एवढा ओलसर होतो, ते बरोबर. तळहात कोरडाच राहिला तर काड वाळलं. माझ्या हाताला हा अंदाज यायला एक अख्खा हंगाम लागला. आता मी काडावर हात फिरवूनच सांगते, तरीही प्रत्येक ढिगाची मूठ पिळल्याशिवाय भरायला बसत नाही.

पिशवी साधारण १४ बाय २२ इंचांची घ्यावी. तळाला दोन इंच काड, त्यावर कडेकडेने स्पॉन, पुन्हा काड, असे चार-पाच थर. प्रत्येक थर तळहाताने दाबायचा. एक किलो कोरड्या काडाची पिशवी ओली झाल्यावर तीन किलोच्या आसपास भरते, तिला ६० ते १०० ग्रॅम स्पॉन पुरतो. तोंड बांधून सुईने सगळीकडून पंचवीस-तीस भोकं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत ठेवून द्यायची. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. मधे उघडून बघायचा मोह आवरा.

पिशवी पांढरी झाली, आता काय?

प्लॅस्टिक ब्लेडने कापून काढायचं. आतला गोळा जाळ्याने घट्ट बांधलेला असतो, तो सुटत नाही. तो शिंकाळ्यात टांगायचा किंवा मांडणीवर ठेवायचा. आता तीन गोष्टी हव्यात : ओल, हवा आणि उजेड. भिंतींना ओली बारदानं लावायची, जमिनीवर पाणी मारायचं आणि गोळ्यावर दिवसातून दोन-तीन वेळा धुक्यासारखा बारीक फवारा द्यायचा. उजेड एवढा हवा की खोलीत वर्तमानपत्र वाचता यावं. सकाळ-संध्याकाळ खिडकी थोडा वेळ उघडायची.

तीन-चार दिवसांनी पहाटे बघाल तर गोळ्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके दिसतील. संध्याकाळपर्यंत ते मोहरीएवढे होतात, दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याएवढे, आणि चौथ्या दिवशी तळहाताएवढी पंख्यासारखी पानं एकावर एक रचलेली असतात. कडा वर वळायच्या आत झुपका हाताने पिळून काढायचा. तोडणीच्या आधी पाणी मारू नये, माल लवकर खराब होतो. पुढचा बहर आठ-दहा दिवसांनी येतो. असे तीन बहर घ्यावेत.

हिरवी बुरशी आली, माश्या झाल्या, देठ लांब झाले. काय चुकलं?

हिरवी बुरशी म्हणजे काड नीट निर्जंतुक झालं नाही, किंवा फार ओलं होतं. डाग लहान असेल तर तेवढा भाग काढून फेका. पिशवी अर्धीअधिक हिरवी झाली असेल तर ती खोलीबाहेर, लांब नेऊन पुरा. लोभ धरला की शेजारच्या दहा पिशव्या जातात.

देठ लांब आणि टोपी लहान राहिली तर हवा कमी पडते आहे. कडा तडकल्या, पिवळट होऊन वाळल्या तर ओल कमी. टोप्या चिकट झाल्या आणि वास आला तर पाणी जास्त. काळी शाई सोडणाऱ्या बारीक छत्र्या उगवल्या तर काड जुनं किंवा ओलं राहिलं, त्या उपटून टाका, खाऊ नका. माश्यांसाठी खिडकीला बारीक जाळी आणि खोलीत पिवळे चिकट सापळे लावा. अळंबीवर कीटकनाशक मारायचं नाही. चार-पाच दिवसांत ती ताटात येणार असते.

आणि तोंडाला रुमाल बांधा. पिकलेल्या धिंगरीतून बारीक बीजाणू उडतात, रोज बंद खोलीत काम करणाऱ्यांना त्यामुळे खोकला आणि दमा होऊ शकतो. मला दोन वर्षांनी त्रास सुरू झाला, तेव्हापासून मास्कशिवाय आत जात नाही.

किती माल निघतो? आणि कंपनी परत विकत घेते म्हणतात ते?

एक किलो कोरड्या काडातून सगळे बहर मिळून साधारण ५०० ते ८०० ग्रॅम ताजी धिंगरी धरावी. किलोला किलो मिळतं, पण ते हात बसल्यावर. म्हणजे दहा पिशव्यांतून पाच ते आठ किलो, तेही दीड-दोन महिन्यांत.

परत खरेदीची हमी देणाऱ्यांबद्दल मी कळकळीने सांगते. माझ्या जवळच्या नात्यातल्या एका बाईने बचतीचे पैसे भरून अशा एका ठिकाणाहून महाग किट घेतलं. माल तयार झाला तेव्हा फोन बंद. चौदा किलो सुकवलेली अळंबी तिच्या माळ्यावर पडून होती, ती आम्ही गावोगाव फिरून विकली. दहा पिशव्यांचं साहित्य फार थोड्या पैशांत उभं राहतं, त्यासाठी मोठी रक्कम मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गिऱ्हाईक आधी स्वतः शोधा.

विकली गेली नाही तर?

ताजी धिंगरी बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये भोकं पाडलेल्या पिशवीत तीन-चार दिवस टिकते. उरली तर सुकवा. आपलं ऊन इथे कामाला येतं. फाडून चादरीवर पसरली की दोन दिवसांत पापडासारखी मोडते. साधारण दहा किलोची एक किलो होते. हवाबंद डब्यात महिनोन्महिने राहते. पावडर किंवा लोणचं विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या.

हिच्यात खरंच मांसाएवढी प्रथिनं असतात का?

नाही, आणि असं सांगून विकूही नये. ताज्या अळंबीत ९० टक्के पाणीच असतं. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं तीनेक ग्रॅम, म्हणजे दुधाइतकी. सुकवल्यावर तो आकडा २० ते ३० ग्रॅमवर जातो, पण १०० ग्रॅम सुकी अळंबी एका वेळी कोणी खात नाही.

तिचं मोल दुसरीकडे आहे. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असतं, अळंबीत ते चांगलं असतं. म्हणून भाकरीबरोबर ती शोभते. डाळही हेच काम करते, त्यामुळे डाळ सोडून अळंबी खा असं मी म्हणणार नाही, दोन्ही खा. चरबी अगदी कमी, तंतू भरपूर, ब गटातली नायसिन आणि रायबोफ्लेविन ही जीवनसत्त्वं आणि पोटॅशियमही आहे. बी-१२ साठी मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट मला फार आवडते. अळंबीत एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड जीवनसत्त्व होतं. तोडलेली अळंबीसुद्धा हे करते. शिजवण्याआधी पानं उलटी, म्हणजे पापुद्र्यांची बाजू वर करून, दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवा.

कोणी खाऊ नये?

युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी बेतानं खावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून. मधुमेहींना चालते. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी, कुणाकुणाला पचत नाही. कच्ची कोणीच खाऊ नये.

ही शाकाहारी आहे का? आमच्या घरात चालत नाही.

ती वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही. रक्तमांस नाही, जीव मारावा लागत नाही. तरीही अनेक जैन घरांत आणि काही माळकऱ्यांकडे ती वर्ज्य आहे, आणि त्यांचा नियम त्यांच्यासाठी योग्यच आहे. माझ्या सासूबाईंनी पहिला झुपका पाहून म्हटलं होतं, "हाई काय शे व माय? हाई ते कुत्रानी छत्री! आपला घरमा नको." मी वाद घातला नाही. दोन वर्षं बाहेरच्या चुलीवर, वेगळ्या कढईत शिजवली. एका श्रावणात, पिशव्यांना पाणी घालायला मी घरी नव्हते तेव्हा, त्यांनी स्वतःच फवारा मारला. त्या अजून खात नाहीत. पण पहाटे टाचण्या फुटल्या की मला उठवायला त्याच येतात.

सातपुड्यातली रानअळंबी खाल्ली तर?

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडचे भिल्ल आणि पावरा लोक पावसाळ्यात काही ठराविक अळंबी गोळा करतात. वारुळावर उगवणारी तर चवीला अप्रतिम. ती वाळवीच्या आश्रयानेच वाढते, म्हणून तिची लागवड करता येत नाही. पण ही ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. फोटो बघून ती येत नाही.

चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण निळा झाला नाही, किड्यांनी खाल्ली आहे म्हणजे चांगली, असल्या कसोट्या सगळ्या खोट्या आहेत. सर्वांत घातक विष शिजवूनही जात नाही. त्याची लक्षणं सहा ते चोवीस तासांनी दिसतात, उलट्या-जुलाब होतात, मग दिवसभर बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. रानातली अळंबी खाऊन त्रास झाला तर बरं वाटायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेली अळंबी किंवा तिचे तुकडे सोबत न्या.

शिजवताना पाणी पाणी होते. काय करावं?

धुवा, पण भिजवून ठेवू नका. वाहत्या पाण्याखाली धरून लगेच फडक्यावर टिपा. बुडखा कापून टाका, तो चिवट असतो. सुरी न लावता हाताने उभी फाडा, तंतूंप्रमाणे सुटते. कढई पसरट, आच मोठी आणि मीठ शेवटी. मीठ आधी पडलं की सगळं पाणी बाहेर येतं.

आमच्या घरी दोनच पद्धती जास्त चालतात. एक भरताची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याची बरोबरी मी सांगत नाही, पण वाट तीच. अर्धा किलो धिंगरीचे अख्खे झुपके लोखंडी तव्यावर तेलाशिवाय टाकायचे आणि उलथन्याने दाबत राहायचं. आधी चरचरून पाणी सुटतं, मग ते आटतं, मग कडा तपकिरी होतात आणि भाजक्या शेंगदाण्यासारखा वास येतो. त्याआधी उतरवू नका. आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि मूठभर लसूण थोड्या तेलात परतून खलबत्त्यात कुटायचे. मग धिंगरी, शेंगदाणे, खोबऱ्याचे तळलेले काप, बारीक कांद्याची पात, कोथिंबीर, मीठ आणि वरून गरम तेल. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर.

दुसरा काळा रस्सा. भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, आलं-लसूण आणि काळा मसाला, शेवभाजीला करतो तसाच. फक्त धिंगरी आधी वेगळी परतून तपकिरी करायची आणि रस्सा उकळल्यावर सोडायची. कच्ची टाकली की रश्शाची तर्री फिकी पडते. सुकी अळंबी असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा आणि ते पाणी गाळून रश्शातच घाला.

पीक संपल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

टाकू नका. ते अर्धवट कुजलेलं असतं, त्यामुळे गांडूळखताला उत्तम. मी ते फोडून केळीच्या बुडाशी अंथरते, ओल टिकते. पावसाची झड लागली की त्या ढिगातून कधी कधी शेवटचा एखादा करडा झुपका वर येतो. पण तो तोडून खायचा नाही, कारण उघड्यावर त्याच्या शेजारी दुसरं काय उगवलं आहे ते सांगता येत नाही.